जीप, चार इंच आणि वाफसा

तर झालं असं. आमच्या गावाकडच्या घरी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली एक जीप उभी आहे. महिंद्रा एमएम ५४०, १९९२ चं मॉडेल, मूळ रंग पांढरा, आताचा रंग धूळ. गाव इंदापूर-बारामती रस्त्यावर, निमगाव केतकीच्या जवळ. जीप आजोबांची. ते गेले त्याला चार वर्षं झाली. सुरुवातीला बॅटरी उतरू नये म्हणून महिन्यातून एकदा कुणीतरी ती चालू करायचं. मग तेही थांबलं आणि मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायला लागली. दिवाळीत वडील म्हणाले, "एक तर रस्त्यावर आण, नाहीतर भंगारवाल्याला फोन कर."

मी हिंजवडीत कोड लिहितो. सोमवार ते शुक्रवार स्क्रीन आणि शनिवारी पुन्हा स्क्रीन. त्यामुळे 'रस्त्यावर आण' हे ऐकल्याबरोबर माझ्या डोक्यात जे चित्र उभं राहिलं ते वडिलांच्या डोक्यातलं नव्हतं. चार इंच लिफ्ट, ३३ इंची मड टायर, पुढे विंच आणि खाली ढेकळांवर ढेकळं. पुण्यातल्या एका गॅरेजने कोटेशन दिलं दोन लाख दहा हजार. मी एक्सेल शीट उघडली. (आपण लोक लग्नाची स्थळंसुद्धा एक्सेलमध्ये टाकतो, जीप काय चीज आहे.)

दुसरं मत घ्यावं म्हणून बारामतीच्या एका जुन्या मिस्त्रींना गाठलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. आजोबांची जीप तीस वर्षं त्यांच्याच हाताखालून गेलेली. मी मोबाईलवर फोटो दाखवला. चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो नीट बघितला आणि विचारलं, "एवढी उंच कशाला करायची? ऊस वरनं बघायचाय का?"

मला उत्तर देता आलं नाही. आणि उत्तर देता आलं नाही की मी इतिहास वाचायला घेतो, ही जुनी खोड. हा लेख त्या खोडीचा परिणाम.

पहिला धक्का बसला तो असा, की जीप जन्मली तीच मुळी बुटकी. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराला टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी होती. १३५ कंपन्यांना विचारणा झाली. बँटम नावाच्या छोट्या, डबघाईला आलेल्या कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या इंजिनिअरला हाताशी धरलं आणि २३ सप्टेंबर १९४० ला, मुदतीच्या अगदी शेवटच्या तासात, पहिला नमुना हजर केला. (डेडलाइनच्या दिवशी डिप्लॉय करण्याची परंपरा आयटीवाल्यांनी सुरू केलेली नाही, हे बघून बरं वाटलं.) पुढे विलीज आणि फोर्ड या दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. टेहळणी करणारी गाडी शत्रूला दिसता कामा नये, म्हणून तिचा आकार जमिनीलगत, काच पुढे पाडता येणारी. टायर ६.००-१६, म्हणजे सहा इंच रुंद आणि सोळा इंची रिमचा, आजच्या मानाने सायकलसारखा अरुंद. पोटाखालची मोकळी जागा पावणेनऊ इंच. एवढ्यावर ती उत्तर आफ्रिकेच्या वाळूपासून ब्रह्मदेशाच्या चिखलापर्यंत गेली.

मूळ विलीजमध्ये पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, एक्सलच्या खालून जातात. तेच पाटे एक्सलच्या वर बसवले की पाट्यांची जाडी आणि एक्सलच्या नळीची जाडी मिळून चार-पाच इंच उंची फुकटात मिळते. पुण्याच्या गॅरेजची 'लिफ्ट' ती हीच. फुकटातली उंची दोन लाखांना. असो.

युद्ध संपलं आणि लष्कराच्या जीपा डिस्पोजलच्या लिलावांत निघाल्या. १९४५ मध्ये जे. सी. आणि के. सी. महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीच्या नावातला 'मोहम्मद' जाऊन दुसरा 'महिंद्रा' आला. विलीजच्या जीपा सुट्या भागांत मागवून मुंबईत माझगावला जोडल्या जायच्या. १९५४ पासून त्या टप्प्याटप्प्याने इथेच बनू लागल्या.

गंमत म्हणजे त्याच काळात मुंबईच्या दुसऱ्या टोकाला, कुर्ल्याला, वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाईल्स मोटारी जोडत होती. कंपनीची स्थापना १९४४ ची. हे तेच वालचंद, ज्यांच्या नावाचं वालचंदनगर आमच्या इंदापूर तालुक्यात आहे. साखर कारखाना, शेतं, वसाहत, सगळं नीरेच्या पाण्यावर उभं केलेलं. म्हणजे इंदापुरात ऊस पिकवणाऱ्या माणसाने शहरासाठी मोटार काढली, आणि इंदापूरच्या उसात फिरायला आली ती मात्र महिंद्राची जीप.

ती का आली हे कळायला आमचा मुलूख डोळ्यांपुढे आणा. बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याचे पूर्वेकडचे कोरडे तालुके. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला, भाटघरचं धरण झालं आणि या माळावर दोन देश तयार झाले. कॅनॉलखालचा बागायत आणि कॅनॉलवरचा जिराईत. बागायतात ऊस आला. वालचंदनगरनंतर, स्वातंत्र्याच्या पुढच्या दोनेक दशकांत माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, सोमेश्वर असे सहकारी कारखाने आले. कारखान्याला रोज कळायला लागतं की कुठल्या गटातला ऊस तोडीला आला, टोळी कुठे आहे, गाड्या कुठे अडकल्या. मग शेतकी अधिकारी, ओव्हरसियर आणि चिटबॉय कॅनॉलच्या पट्टीवरून, पाणंदीतून, बांधाच्या कडेकडेने फिरायचे. आमच्याकडे 'जीप आली' याचा अर्थ बराच काळ 'कारखान्याचा साहेब आला' असाच होता.

आता उंचीचा हिशोब पुढे नेऊ. जीपचा पहिला 'लिफ्ट' खुद्द विलीजनेच केला, पण बॉनेटचा! १९५३ च्या सीजे-३बी मॉडेलमध्ये इनटेक व्हॉल्व्ह डोक्यावर असलेलं नवं इंजिन आलं. ते उंच होतं, जुन्या बॉनेटखाली मावेना. मग बॉनेटच वर उचललं. आपल्या हिंदी सिनेमातल्या पोलिसांची जी उंच कपाळाची जीप, ती ही. महिंद्राने हा चेहरा पुढे कित्येक वर्षं चालवला. पुढे डिझेलची वेळ आली. महिंद्राने प्युजोशी करार केला आणि इगतपुरीच्या कारखान्यात एक्सडीपी ४.९० हे इंजिन बनू लागलं. नाव गूढ वाटतं, पण अर्थ साधा आहे, चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटर बोअर. तेच २११२ सीसीचं इंजिन १९८० च्या दशकात एमएम ५४० मध्ये बसलं. आमची जीप ती.

म्हणजे बॉनेट उचललं ते इंजिनासाठी, कंपनीने इंजिन बदललं ते इंधनाच्या खर्चासाठी. उंचीसाठी उंची कुणीच केली नव्हती.

मग आमच्या भागात जीप उंच कोणी केली? वडापवाल्यांनी! ज्यांना वडाप माहीत नाही त्यांच्यासाठी: एसटी येत नाही तेव्हा जी येते ती. कमांडर किंवा ट्रॅक्स, आत बसणारे आठ-दहा, प्रत्यक्षात पंधरा, आणि दोघं मागे लटकलेले. एवढं वजन घेतलं की पाटे सपाट होऊन गाडी ढुंगणावर बसते. त्यावर चाचांसारख्या मिस्त्रींचा इलाज ठरलेला: जादा पाटा टाकायचा आणि बाकीच्यांना कमान मारायची. रिकामी असताना गाडीचं बूड वर दिसायचं, भरली की सरळ. ही आमची देशी लिफ्ट. वजनासाठी केलेली, आणि रिकाम्या गाडीत बसणाऱ्याची कंबर मोडणारी. त्यामुळे तुमची जीप वीकेंडला एकटा-दुकटा चालवणार असेल तर जादा पाटा हा इलाज नव्हे, सजा आहे.

आता टायर. आमच्याकडे टायरचा इतिहास जीपपासून नाही, बैलगाडीपासून सुरू होतो. जुन्या गाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असायची. अरुंद आणि कडक. ओल्या रानात ती चाकं कापत जायची आणि रस्त्याला चाकोऱ्या पाडायची. हवेचं टायर बैलगाडीला लागलं आणि तीच बैलजोडी जास्त ओझं ओढू लागली. बीडकडून येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांच्या टायरगाड्या दर हंगामात आमच्या रस्त्याने जातात. लहानपणी मला वाटायचं की बैलगाडीला टायर असतंच.

पण टायर आलं म्हणून कुणी काळ्या रानात कधीही घुसत नाही. पाऊस पडला की वाफसा यायची वाट बघायची. शहरी दोस्तांसाठी: जमिनीतलं जादा पाणी निघून जाऊन माती हाताला लागेल पण चिकटणार नाही, औत चालेल, अशी वेळ म्हणजे वाफसा. आमची काळी माती पाण्याने फुगते आणि लोण्यासारखी चिकटते. मड टायरची खोल नक्षी चिखल बाहेर फेकण्यासाठी असते, पण त्याला चाक जोरात फिरावं लागतं. कमी वेगात आमची माती त्या खाचांत जी बसते ती बसतेच, आणि हजारोंचा मड टायर दोन मिनिटांत गुळगुळीत भेंडोळं होतो. मुरमाड जागी, वर बोटभर चिखल आणि खाली घट्ट, तिथे उलट अरुंद टायर चिखल कापून तळाला टेकतं. चाचा म्हणाले ते मी शीटमध्ये लिहून ठेवलंय: "वाफसा नसला तर ट्रॅक्टरबी थांबतो. तू काय जीप घेऊन निघालास?"

आता थोडं गणित. (नको असेल त्यांनी हा परिच्छेद गाळावा, पण पैसे घालणार असाल तर वाचा.) पाटे वर घेऊन बॉडी कितीही उचला, एक्सलचा गोळा, म्हणजे डिफरन्शियल, जमिनीपासून तेवढाच राहतो. तो वर जातो फक्त टायरने, आणि तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्माच. ६.००-१६ चा व्यास सुमारे पावणेएकोणतीस इंच. ३३ चं टायर लावलं की सव्वाचार इंच वाढ, गोळ्याखाली मिळाले दोन इंच आणि थोडं. त्या बदल्यात गिअरिंग पंधरा टक्क्यांनी ताणलं जातं. मीटरवर ६० दिसेल तेव्हा गाडी ६९ ने पळत असेल, आणि बिचाऱ्या प्युजोला प्रत्येक चढ पंधरा टक्के अवघड. मागचा प्रॉपेलर शाफ्ट समजा दोन फुटांचा आहे, तर चार इंचांनी त्याचा कोन साडेनऊ अंशांनी वाढला. क्रॉस लवकर जाणार. स्टिअरिंगचा रॉड तिरका झाला की खड्ड्यात हँडल आपोआप ओढणार. ब्रेकचे होज लांब करावे लागणार ते वेगळंच.

आणि उलटणं. चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हा ढोबळ आकडा. समजा अंतर ४८ इंच आणि गुरुत्वमध्य २६ इंचांवर, तर ०.९२. लिफ्ट आणि टायर मिळून गुरुत्वमध्य पाच इंच वर गेला तर ०.७७. सहावा हिस्सा स्थैर्य गेलं. हे नुसतं कागदावरचं नाही. १९८० मध्ये अमेरिकेत विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेने केलेल्या चाचण्यांत सीजे-५ जीप वळणावर उलटताना सीबीएसच्या '६० मिनिट्स' कार्यक्रमात लाखो लोकांनी पाहिली होती. ती जीप लिफ्ट केलेली नव्हती.

कायद्याचंही बघा. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही. आमच्या जीपची पंधरा वर्षं कधीच उलटलीत, त्यामुळे दर पाच वर्षांनी तिला आरटीओपुढे उभं राहावं लागतं. तिथे ३३ चे टायर घेऊन जायची माझी हिंमत नाही.

बरं, एवढं सगळं करून मी ती चालवणार कुठे होतो? खरं सांगतो, डोळ्यापुढे कडबनवाडीचा माळ होता. आमच्याच तालुक्यातला. मोकळा, चढ-उताराचा, कुणी अडवणार नाही असं वाटणारा. शाळेत असताना आम्हीही त्याला 'पडीक' म्हणायचो. तो पडीक नाही. तिथे चिंकारा आहेत, लांडगे आहेत, आणि धनगरांची मेंढरं पिढ्यानपिढ्या तिथेच चरत आलीत. अलीकडच्या वर्षांत वनविभागाने कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला ठरलेल्या वाटांवरून सफारी सुरू केली आहे. त्या माळावर मातीचा थर वीतभरसुद्धा नाही. मड टायरने तो एकदा खरवडला की गवत परत यायला किती पावसाळे लागतील कोण जाणे. ज्या जागेसाठी टायर घेत होतो, त्या जागेला ते टायर चालणार नव्हतं. शीटमधली ती ओळ मी लाल केली.

मग गेल्या शनिवारी टेप घेऊन जीप मोजली. सपाट फरशीवर उभी करून, जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही कोपरे. मागची बाजू पुढच्यापेक्षा बसलेली निघाली, ते अपेक्षित होतं, खताच्या गोण्या आणि दुधाच्या किटल्या. पण उजवी बाजू डावीपेक्षा सव्वा इंच खाली. मला वाटलं चॅसी वाकली. चाचांना फोन केला. ते म्हणाले, "चॅसीला काय धाड भरलीय? तुझा आजा एकटाच हिंडायचा की. तीस वर्षं एका बाजूला बसला तर पाटे बसणारच."

मी जरा वेळ तिथेच टेप घेऊन बसून राहिलो.

एवढ्यात आजी काठी टेकत आली. तिला वाटलं जीप निघाली. ती डाव्या दाराशी आली, एक हात सीटच्या दांडीला, एक पाय पायरीवर, आणि गुडघ्याला शिव्या घालत वर चढून बसलीसुद्धा. "बाजारला जायचं का?" म्हणाली. मी मनातल्या मनात त्या पायरीत सहा इंच मिळवले. नाही जमलं. तिचं गणित माझ्या गणिताच्या आधी झालं होतं.

तर निर्णय असा. चारही बाजूंचे पाटे खोलून कमान मारायची, जादा पाटा नाही. बुश, शॅकल, शॉकअप नवे. यू-बोल्ट एकदा सोडले की पुन्हा वापरायचे नाहीत, तेही नवे. टायरसाठी दोन नावं उरली होती. एक २३५/७० आर१६ रेडियल, त्याचा व्यास जवळजवळ एकोणतीस इंच, म्हणजे मूळ टायरएवढाच. हायवेला उत्तम, पण रुंद रिम लागते आणि रेडियलची बगल पातळ. आमच्या पाणंदी वेड्या बाभळीच्या काट्यांनी भरलेल्या, आणि बगलेतलं पंक्चर नीट निघत नाही. दुसरं जुनं ६.००-१६ नायलॉन, जाड बगलेचं, आतून ट्यूब, मूळ रिमवर बसणारं, कुठल्याही गावात पंक्चर निघणारं. जीप साठच्या वर पळवायची नाही असं ठरलं आणि दुसरं घेतलं. तुम्ही रोज सोलापूर हायवेने पुण्याला जाणार असाल तर पहिलं घ्या. दोन्हींत एक गोष्ट बघाच: बगलेवरचा चार आकडी कोड. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. मला दुकानात 'एकदम नवीन' म्हणून दाखवलेलं पहिलं टायर सात वर्षांचं निघालं.

काम झालं. खर्च कोटेशनच्या पाव हिश्शात बसला. मागची बाजू दीड इंच वर आली. लिफ्ट म्हणायचीच तर ही, तीस वर्षांत खाली गेलेली परत मिळाली तेवढी. उजवी-डावी बाजू आता सारखी आहे. आजोबांचा तो सव्वा इंच गेला याचं मला थोडं वाईट वाटतं, चाचांना अजिबात वाटत नाही.

विंचचा मोह अजून गेलेला नाही, हेही कबूल करतो. पण तूर्तास पुढच्या रविवारी निमगावच्या बाजाराला जायचंय. आजी पुढे, मी उजवीकडे, कोंबडीला नवी जागा शोधून द्यायचीय. पाऊस झाला तर कॅनॉलच्या पट्टीने न जाता डांबरीने जाऊ. वाफसा यायची वाट बघायला हरकत काय आहे?